लिली उजळत गेली

सोमवार, ३ मार्च

मिळालं! पुस्तक मलाच मिळालं!

बावन्नाव्या वर्षी जिन्यात उडी मारली मी. दादाने खालून ओरडून विचारलं, "काय गं, पडलीस का?" दादाचा दातांचा दवाखाना तळमजल्यावर आणि आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. दिवसभर लोकांचे दात उपटून त्याला आता कुठलाही आवाज दुखण्याचाच वाटतो.

इतकी वर्षं मी भाषांतरं करतेय. औषधांच्या खोक्यातली घडीची पत्रकं, पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तकं, विम्याच्या अटी. 'वापरण्यापूर्वी बाटली नीट हलवावी' हे माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं वाक्य, आणि त्याखाली माझं नाव नाही. आणि आता कादंबरी! आतल्या पानावर माझं नाव छापून येणार.

देणारी अर्थात कॅप्टन. कॉलेजात ती व्हॉलीबॉलच्या संघाची कॅप्टन होती, आता दोन खोल्यांच्या प्रकाशनसंस्थेची आहे. तेव्हा हाताखाली अख्खा संघ होता, आता कुणीच नाही, पण हुकूम सोडायची तऱ्हा तीच. ऑफिस टायरच्या दुकानावर आहे, त्यामुळे तिथे रबराचा आणि डिंकाचा एकत्र वास येतो. मला तो वास आवडतो. का ते माहीत नाही.

"चष्मिष," ती म्हणाली. कॉलेजात पडलेलं हे नाव तिने अजून सोडलेलं नाही. "एक प्राध्यापक या पुस्तकामागे हात धुऊन लागलेत. पण मला तू हवीस."

मला तू हवीस, असं म्हणाली. मी वहिनीला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाली, "ऐकलं गं बाई."

पुस्तक जुनं आहे. साहेबाचं राज्य होतं तेव्हा एका मळेवाल्या साहेबाच्या बायकोने टोपणनावाने लिहिलेलं. छापून निघाल्यावर ते तिच्याच देशात जप्त झालं आणि मग सगळे विसरले. गोष्ट साधी. साहेब सतत मळ्यावर, मड्डम टेकडीवरच्या बंगल्यात एकटी, आणि घरकामाला इथलीच एक तरुण बाई. तिचं खरं नाव मड्डमेच्या जिभेला वळेना, म्हणून मड्डमेने तिचं नाव लिली ठेवलं. लिली म्हणजे पांढरं शुभ्र फूल! आणि ही बिचारी... असो.


बुधवार, ५ मार्च

पहिलं प्रकरण झरझर झालं. बंगला, बागेतली झाडं, साहेबाच्या मिशा. दुसऱ्यात लिली आली आणि गाडी अडली. मड्डम तिला सरळ काळी म्हणते. मी तसं लिहिलं, वाचलं, आणि कसंसंच झालं. त्या बाईने काय घोडं मारलंय माझं, म्हणून मी तिला तोंडावर काळी म्हणू? 'सावळी' केलं. किती गोड शब्द आहे! वाक्याला एकदम गोडवा आला.

अनुवादकाला मन हवं, नुसता शब्दकोश नको. हे मी प्रस्तावनेत लिहिणार आहे.


शनिवार, १५ मार्च

कॅप्टनकडे चार प्रकरणं वाचून दाखवायला गेले होते. दारातच ठेचकाळले, कारण बाईसाहेब पिवळ्याधमक कपड्यांत. तीस वर्षं घसा कोरडा केलाय मी, की तुझ्या रंगाला भडक काही घेऊ नकोस, फिकट, मळखाऊ घे. पूर्वी ऐकायची, आता ऐकत नाही. पण खरं सांगायचं तर वाईट दिसत नव्हतं. उलट वाचताना माझी ओळ दोनदा चुकली, इतका तो पिवळा डोळ्यांत भरत होता.

चौथ्या प्रकरणात मड्डम लिलीला आपला जुना झगा देते आणि सांगते की तुझ्या कातडीवर तांबडा कधी घालू नकोस, मी सांगेन तेच रंग घाल. मला फार हृद्य वाटलं. मी म्हटलं, "बघ ना, मालकीण असून किती जीव लावते!"

कॅप्टन म्हणाली, "हं."

तिचं 'हं' अनेक प्रकारचं असतं. हे कुठलं होतं ते कळलं नाही. तिने पानं माझ्याकडून घेऊन न बघताच कपाटात ठेवली, कारण छपाईवाला आला होता. सगळी प्रकरणं एकदम वाचेन म्हणाली. विश्वास आहे तिचा माझ्यावर!


गुरुवार, २७ मार्च

अकरावं प्रकरण! ज्याच्यामुळे पुस्तक जप्त झालं ते हेच असणार. दुपारची वेळ, उकाडा, बंगल्यात कुणी नाही. लिली मड्डमेच्या झग्याची मागची बटणं काढून देतेय. मग मड्डम वळते, लिलीला पाठमोरी उभी करते आणि नुसती तिच्या मानेकडे बघत राहते. अख्खं पान मानेवर! मान, मानेवरचा घाम, घामाला चिकटलेला केस. आणि मग ते वाक्य, की मला ती मान चावावीशी वाटली.

खाली दादाचं दात कोरायचं यंत्र घूं घूं करत होतं, कुणीतरी विव्हळत होतं, आणि वर मी हे वाक्य घेऊन बसलेली. कान तापले माझे. पंखा वाढवला.

विचार केला की त्या काळच्या बायका मैत्रिणींना असंच भरभरून लिहायच्या, त्यात तसलं काही नसतं. चावणं वगैरे त्यांच्या भाषेची लकब असणार. लहान बाळाला नाही का आपण म्हणत, खाऊन टाकू का म्हणून? तेव्हा मी लिहिलं, 'तिच्याविषयी माझ्या मनात अपार माया दाटून आली.' वाक्य कसं शांत झालं.

मी मात्र झाले नाही. संध्याकाळी उगीचच कॅप्टनकडे जाऊन आले. काम काही नव्हतं. तिने विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, इकडून चालले होते." तिचं ऑफिस कुठल्याच 'इकडून'वर नाही.


मंगळवार, ८ एप्रिल

बाराव्या प्रकरणाच्या पुढे सरकत नाहीये. सारखी अकराव्यावर जाते. वाक्यं तपासायला.

वहिनी चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाली, "तुझं काय ते तिला एकदा सांगून मोकळी हो बाई. किती दिवस कुढणार?"

वहिनीला वाटतं की मी मुदत वाढवून मागायला संकोचतेय. तसं काही नाही, मे अखेरपर्यंत वेळ आहे. मी तिला तसं सांगितलं. तिने चादर खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत उचलली.


बुधवार, १६ एप्रिल

जमेल तसं लिहिते. 

आज मुखपृष्ठाचं चित्र आलं. चित्रकाराला मूळ भाषा येत नाही, तेव्हा मी वेळोवेळी नेऊन दिलेली अकराव्यापर्यंतची प्रकरणं कॅप्टनने त्याला पाठवली होती आणि ती वाचून त्याने चित्र काढलं. कॅप्टनने गुंडाळी टेबलावर उलगडली. चार कोपऱ्यांवर डिंकाची बाटली, पंचिंग मशीन, तिचा डबा आणि माझं चष्म्याचं घर ठेवलं. व्हरांड्यात दोन बायका बसलेल्या, हातात कप, मागे वेल. सुरेख!

"छान आहे," मी म्हणाले.

"यातली लिली कुठली?" तिने विचारलं.

मी डावीकडचीवर बोट ठेवलं.

"ती मड्डम आहे."

मी चष्मा पुसून परत पाहिलं. दोघी गोऱ्या. दोघींचे केस तसेच, नाकं तशीच. कॅप्टन म्हणाली, "मी त्याला फोन केला. तो म्हणतो, मॅडम, मी दोघींना बहिणी समजलो. मोठीचं लग्न झालंय आणि धाकटी मदतीला आलीय. माणूस हुशार आहे, त्याने तू लिहिलंस तेच काढलंय." मग तिने कपाटातून माझी पानं आणि मूळ पुस्तक काढलं. कालचा सगळा दिवस तिने दोन्ही शेजारी ठेवून वाचलं होतं.

"दुसऱ्या प्रकरणात मड्डम म्हणते काळी. तू म्हणतेस सावळी. पाचव्यात तुझी लिली गव्हाळ आहे. नवव्यात उजळ. मधल्या काळात मड्डम तिला घासत बसली होती का?"

मला हसू आलं. तिला आलं नव्हतं.

"अगं, काळी काळी म्हणणं बरं दिसतं का?" मी म्हणाले. "एखाद्या काळ्या बाईने वाचलं तर तिला काय वाटेल?"

"मी वाचलं," ती म्हणाली. "मी काळी आहे."

"तू कुठे काळी आहेस!"

हे माझ्या तोंडून इतक्या पटकन निघालं की मलाच कळलं नाही. वर मी अजून भर घातली. "सावळी म्हण फार तर. आणि नाकीडोळी तर तू किती..."

कॅप्टन खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तीस वर्षं तू मला हेच सांगतेयस. भडक घालू नकोस. उन्हात जाऊ नकोस. तू काही काळी नाहीस. तुला वाटतं तू मला काहीतरी देतेयस. मला दुखतं, चष्मिष. तुला माझा रंग सहन होत नाही म्हणून तू तो पुसतेस. तू माझ्याकडे बघतच नाहीस."

बघत नाही! मी!

मग तिने अकरावं प्रकरण उघडलं. "चावावीशी वाटली, असं आहे इथे. तू लिहिलंस माया दाटून आली. माया? मड्डम तिच्यासाठी वेडी झालीय, आणि ती मालकीण आहे. दोन्ही खरं आहे. मला तिचा संताप येतो, पण ती निदान बघते तरी. तू लिलीचा रंग काढलास आणि मड्डमेची वासना पण काढलीस. उरल्या काय, तर चहा पिणाऱ्या दोन बहिणी."

मी म्हटलं, "मी सभ्यपणे..."

"हो ना," ती म्हणाली. "सोमवारी प्राध्यापकांना बोलावते. त्यांना करू दे."

माझं चष्म्याचं घर चित्रावरून उचललं तशी कागदाची गुंडाळी आपोआप मिटली. जिना कसा उतरले आठवत नाही.


गुरुवार, १७ एप्रिल

संताप. नुसता संताप. शब्द गोड केले हा गुन्हा झाला का? आईवडिलांनी शिकवलं की कुणाच्या व्यंगावर बोट ठेवू नये.

व्यंग.

हा शब्द मी आत्ता लिहिला आणि पेन खाली ठेवलं.


त्याच दिवशी, दुपारी

दादा जेवायला वर आला. म्हणाला, "काय, तुझ्या मड्डमेची दाढ दुखतेय का? तोंड असं का?" वहिनीने त्याला डोळ्यांनी दटावलं. तो गेल्यावर मी तिला सांगितलं की पुस्तक गेलं.

"पुस्तकच गेलं ना?" वहिनी म्हणाली. "मग एवढी तडफडतेस कशाला? पंप आहेत, औषधं आहेत. काम काय मिळेल."

मी रडायला लागले. पुस्तकासाठीच असणार, दुसरं काय. वहिनीने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिला राग आलाय ना, म्हणजे अजून काही गेलेलं नाही." वहिनी कधीकधी अगदी असंबद्ध बोलते.


शुक्रवार, १८ एप्रिल

सकाळी उठले आणि ठरवलं. सोमवारपर्यंत पुस्तक माझंच आहे. अकरावं प्रकरण पुन्हा करायचं, अगदी पहिल्या ओळीपासून, आणि उद्या तिच्या टेबलावर नेऊन आपटायचं. नाही म्हणाली तर म्हणू दे, पण प्राध्यापकांच्या आधी माझं वाचायला हवं तिने. हे पुस्तक मी सोडणार नाही!

अडचण अशी की मला काळ्या रंगाविषयी शब्दच नाहीत. गोऱ्यासाठी कितीतरी आहेत. काळ्यासाठी एक तर शिवी, नाहीतर दिलासा. म्हणून आधी सराव करायचा ठरवला. ओळखीच्या एखाद्या माणसाचं सरळ, न लाजता वर्णन. कॅप्टन सोयीची, कारण पाठ आहे.

पहिलं वाक्य लिहिलं, 'कॅप्टन काळी आहे.' छत कोसळलं नाही.

पुढचं आपोआप आलं. उन्हातून चालत आली की तिचे गाल आतून तांबूस होतात, सगळ्यांना कळत नाही, बारकाईने बघावं लागतं. गळ्याशी रंग सगळ्यात गडद, आणि तळहात मात्र फिके, प्रुफं तपासताना शाईने निळे झालेले. पेन्सिल कानामागे खोचायची सवय. हसताना मान मागे टाकते तेव्हा गळ्याची एक शीर दिसते. पिवळ्या रंगावर ती सगळी उठून येते, दिवा लावल्यासारखी, आणि मी तीस वर्षं तिला मळखाऊ रंग सांगत आले! मूर्ख बाई मी, मूर्ख! तो दिवा लागला की मला दुसरं काही सुचत नाही म्हणून सांगत होते की काय?

दोन पानं झाली तेव्हा चहा गार झाला होता आणि मला धाप लागली होती. सराव दमवतो.

मग वाचून बघितलं आणि एक गोष्ट खटकली. त्या दोन पानांत कॅप्टन एक शब्द बोलत नाही. कॅप्टन! जी पाच मिनिटं गप्प बसली तर डॉक्टरला बोलवावं! मी तिची मान लिहिली, हात लिहिले, आणि तोंड बंद करून तिला उभी करून ठेवली, मड्डमेने लिलीला केलं तशी. बघणं येतं म्हणजे सगळं येतं असं नाही हे कळलं. मग लिली बोलते कुठे ते शोधायला मूळ पुस्तक उघडलं.

अख्ख्या प्रकरणात लिली एकदाच बोलते. मड्डम तिला विचारते, "मी तुला आवडते ना?" आणि लिली म्हणते, "नाही म्हटलं तर चालेल का, मड्डम?"

माझ्या जुन्या पानावर काय होतं? 'लिली लाजली. "इश्श! मी कशी नाही म्हणेन?" ती म्हणाली.'

मी स्वतःच्या डोक्यावर पुस्तक मारून घेतलं, खरंच. ती बाई विचारतेय की माझ्या नकाराला या घरात जागा आहे का, आणि मी तिला लाजवलं! आणि त्यापुढे मूळ पुस्तकात एक ओळ आहे, ती मी अनावश्यक म्हणून गाळली होती. मड्डम लिहिते, 'मी तिला चहा आणायला सांगितलं.' उत्तर दिलंच नाही तिने. चहा मागवला. ती वेडी झाली होती तिच्यासाठी, मला आता त्यात काडीची शंका नाही. तिने सगळं पाहिलं, घामाचा थेंबसुद्धा पाहिला, आणि या एका प्रश्नाचं उत्तर तिला देता आलं नाही.

आता मी थांबत नाही. काळी लिहिलं. चावावीशी लिहिलं. प्रश्न लिहिला, चहा लिहिला. दादाचं यंत्र खाली घूं घूं करतंय आणि मी मोठमोठ्याने वाक्यं म्हणून बघतेय. खाली पेशंट काय म्हणत असतील देव जाणे. इतकी मजा मला पंपांमध्ये कधी आली नव्हती!


शनिवार, १९ एप्रिल

घरात पाऊल टाकलं तशी वहिनी माझ्या तोंडाकडे बघून दादाला म्हणाली, "सांगितलं हिने." दादा म्हणाला, "काय सांगितलं?" वहिनी म्हणाली, "तुम्ही जेवा."

आता पहिल्यापासून लिहिते.

दुपारी गेले. टायरवाल्याकडे हवा भरायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे तिच्या ऑफिसची जमीन थरथरत होती. किंवा मी. कॅप्टन मान खाली घालून प्रुफं बघत होती. मी म्हटलं, "बोलू नकोस, ऐक." आणि उभ्यानेच वाचायला लागले.

पहिल्या पानाला तिने पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या पानाला मूळ पुस्तक उघडून समोर धरलं आणि माझ्याबरोबर ओळीवर बोट फिरवायला लागली. काळी आलं तेव्हा माझा आवाज हलला नाही. मान आली. घाम आला, केस आला. तिचं बोट थांबलं.

"थांब," ती म्हणाली. "मागची ओळ परत वाच."

मी वाचली. 'तिच्या उजव्या कानामागे भाजल्याचा एक जुना डाग होता, बोटाच्या पेराएवढा, आणि तिथली कातडी इतर अंगापेक्षा मऊ असावी असं मला नेहमी वाटे.'

"हे मूळ पुस्तकात कुठे आहे?"

"घामाच्या नंतर. केसाच्या आधी."

"नाही आहे."

"असं कसं? मी कशाला मनाचं घालीन?"

तिने पुस्तक माझ्याकडे फिरवलं. मी ओळ न ओळ शोधली. लिलीच्या कानामागे डाग नव्हता. भाजलेला नाही, कुठलाच नाही. मी मान वर केली आणि कॅप्टनने कानावरचे केस मागे सारले.

"हा माझा आहे," ती म्हणाली.

खालचं यंत्र नेमकं तेव्हाच बंद झालं. 

"सराव केला होता," मी म्हणाले.

"कशाचा?"

औषधांच्या पत्रकांत अशा वेळेसाठी काही लिहिलेलं नसतं. 'तुझा' म्हणाले. आणि एकदा तो शब्द तोंडातून गेल्यावर मला सगळं दिसलं, एकदम, आणि इतकं उघड की हसूच आलं. दारातलं ठेचकाळणं, रबराचा वास, उगीच मारलेल्या चकरा. वहिनीची चादर! सगळ्या घराला ठाऊक होतं आणि मीच तेवढी मुदतवाढीच्या गोष्टी करत होते.

"कॅप्टन," मी म्हणाले, "तू काळी आहेस आणि मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून नाही. म्हणजे मैत्रीण म्हणूनही, पण अकराव्या प्रकरणासारखी. तीस वर्षं तुझ्याकडे बघतेय, आणि बघते हे कळू नये म्हणून तुझा रंग पुसत होते बहुतेक. माझं चुकलं. पुस्तक प्राध्यापकांना दिलंस तरी मी हेच म्हणेन, तेव्हा ते यात धरू नकोस. आणि नाही म्हटलंस तर चालेल. खरंच चालेल. मी इथेच उभी आहे, तू सांग."

कॅप्टन माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते तिचे, आणि ओठाच्या एका बाजूला हसू होतं. ते मी यापूर्वी पाहिलेलं नव्हतं. मी चहा मागितला नाही. काही मागितलं नाही. पाय दुखायला लागले, पण बसले नाही.

"आधी ती ओळ काढ," शेवटी ती म्हणाली.

"का?" मी विचारलं.

"कारण ती मड्डमेची नाही. मड्डमेने लिहिलं तेवढंच ठेव, चांगलंवाईट सगळं. माझा कान तिच्या पुस्तकात कशाला?" तिने पेन्सिल पुढे केली. मी ओळ खोडली. तिने ते पान परत आपल्याकडे ओढून नीट वाचलं, आणि लिलीच्या प्रश्नावर बराच वेळ थांबली. मग फोन उचलून प्राध्यापकांना सांगितलं की सोमवारी यायची तसदी घेऊ नका, अनुवाद होतोय.

फोन ठेवला आणि टेबलाला वळसा घालून आली. स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ.

"बाराव्या प्रकरणात लिली पळून जाते," ती म्हणाली. "ते नीट कर. तिला दया दाखवू नकोस, मड्डमेला रडवू नकोस. तिला नुसती जाऊ दे."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी कुठे पळतेय?" कॅप्टन म्हणाली.